जाहिरातींचे आकडे आपोआप आणायचे, पण कोणत्या दिवसाचे?

प्रश्न : मी नागपुरात, धरमपेठेतील एका छोट्या जाहिरात एजन्सीत काम करते. आमच्याकडे नऊ ग्राहक आहेत. त्यांत कूलरचे एक कारखानदार आहेत, इतवारीतील एक साड्यांचे दुकान आहे, स्पर्धा परीक्षांचा एक क्लास आहे, वर्धा रोडवरील एक बिल्डर आहेत. रोज सकाळी गूगल अ‍ॅड्स आणि मेटावरून (फेसबुक-इन्स्टाग्राम) कालचे आकडे डाउनलोड करून मी गूगल शीटमध्ये चिकटवते. त्यात दीड-दोन तास जातात आणि तरीही महिनाअखेरीस आकडे जुळत नाहीत. परवा कूलरवाले म्हणाले, "मॅडम, तुमच्या शीटमध्ये ४१ चौकश्या, अन् माझ्या मोबाइलवर ५८ दिसून राहिल्या." आमचे सर म्हणतात की सगळे ऑटोमॅटिक करून टाका आणि डेटा वेअरहाऊस (सगळे आकडे एकत्र साठवणारी मोठी यंत्रणा) घ्या. एका कंपनीने वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारे कोटेशनही दिले आहे. मी वाणिज्य शाखेची आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. शीट पुरेल की वेअरहाऊस लागेल, आणि हे कोटेशन स्वीकारावे का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो आहे, कारण ४१ आणि ५८ यांचा उलगडा झाल्याशिवाय शीट की वेअरहाऊस या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही. आज जे काम तुम्ही हाताने करता, तेच जसेच्या तसे एखाद्या यंत्रणेकडे सोपवले, तर तुमचे दोन तास वाचतील हे खरे, पण चूक मात्र रोज, न चुकता आणि अधिक नेटकेपणाने होत राहील.

तुम्ही रोज कालच्या दिवसाचे आकडे घेता आणि त्या तारखेकडे पुन्हा वळून पाहत नाही. सगळा घोळ इथेच आहे. गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या कन्व्हर्जन्स (म्हणजे जाहिरातीतून आलेल्या चौकश्यांच्या) रकान्यात चौकशीची नोंद ती आली त्या दिवसावर होत नाही, ज्या क्लिकमुळे ती आली त्या क्लिकच्या तारखेवर होते. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंत आलेली चौकशी मोजायची, याची मुदत मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसांची असते आणि ती ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. आता कूलरचा धंदा पाहा. माणूस मार्चअखेरीस जाहिरात बघतो, क्लिक करतो, भाव पाहून ठेवतो आणि पारा चाळिशीच्या पुढे सरकला, घरच्यांनी तगादा लावला, की मग फॉर्म भरतो. समजा, ३ एप्रिलच्या क्लिकमधून त्याच दिवशी ६ चौकश्या आल्या आणि तुम्ही ४ तारखेला सकाळी ६ हा आकडा उतरवून घेतला. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच क्लिकमधून आणखी ३ चौकश्या आल्या, तर गूगल त्या ३ एप्रिलच्याच खात्यात जमा करते. मोबाइलवर ३ एप्रिलपुढे ९ दिसतात आणि तुमच्या शीटमध्ये ६ तसेच राहतात. हंगामाच्या महिन्यात असे रोज घडत राहिले, की ४१ आणि ५८ एवढे अंतर पडायला वेळ लागत नाही.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात म्हणून सांगतो : चेक वटल्यानंतर बँकेने त्याची नोंद चेक भरल्याच्या तारखेने पासबुकात घातली, तर गेल्या आठवड्यात काढून ठेवलेली पासबुकाची झेरॉक्स उपयोगाची राहणार नाही, आणि तुमची शीट ही अशा झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा झाली आहे.

मेटाची तऱ्हा थोडी वेगळी असली तरी परिणाम तोच आहे. तिथे मूळ सेटिंगमध्ये क्लिकनंतरचे ७ दिवस आणि जाहिरात नुसती पाहिल्यानंतरचा १ दिवस धरला जातो, आणि नोंदवलेले आकडे २८ दिवसांपर्यंत बदलू शकतात. खर्चाचा आकडाही पूर्णपणे स्थिर नसतो, कारण खोट्या किंवा अवैध ठरलेल्या क्लिक गूगल मागाहून वजा करते. म्हणजे कूलरवाले खोटे बोलत नव्हते आणि तुम्हीही काही चुकीचे उतरवले नव्हते. दोघेही एकाच तारखेचे आकडे वेगवेगळ्या दिवशी पाहत होता. हे त्यांना त्यांच्याच मोबाइलवर एकदा उघडून दाखवा. ग्राहकाचा विश्वास एकदा डळमळला, की पुढे बरोबर आकड्यांवरही शंका घेतली जाते.

म्हणून यंत्रणा कोणतीही घ्या, तिच्याकडून एक गोष्ट करून घ्यायचीच : प्रत्येक वेळी कालचा एकच दिवस न आणता मागचे किमान ३० दिवस पुन्हा आणायचे, शीटमधल्या त्याच तारखांच्या जुन्या ओळी काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी नव्या ओळी ठेवायच्या. कोणत्या खात्यात मुदत ९० दिवसांची केलेली असेल, तर त्या खात्यासाठी तेवढे मागे जायचे. नव्या ओळी नुसत्या खाली जोडत गेले तर सगळे दुप्पट-तिप्पट होईल, आणि म्हणूनच प्रत्येक ओळीची ओळख तारीख, खात्याचा क्रमांक आणि कॅम्पेनचा (जाहिरात मोहिमेचा) क्रमांक या तिघांनी मिळून ठरली पाहिजे. कॅम्पेनचे नाव त्यासाठी चालणार नाही, कारण 'कूलर मार्च'चे 'कूलर समर ऑफर' कोणी तरी करतेच आणि मग एकाच कॅम्पेनच्या दोन कॅम्पेन दिसू लागतात. काम नीट झाले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे : तीच यंत्रणा लागोपाठ दोनदा चालवून पाहावी, आणि दुसऱ्या वेळी मागच्या महिन्याच्या खर्चाची बेरीज वाढली तर ती यंत्रणा परत पाठवावी.

याखेरीज ओळ केव्हा आणली त्या वेळेचा एक रकाना अवश्य ठेवा. पुढच्या वेळी कोणी आकड्यांवर बोट ठेवले, की तो रकाना तुमच्या बाजूने बोलेल. आणि कूलरवाल्यांच्या काउंटरवरच्या चौकशी-वहीशी ताळा करायचा असेल, तर गूगल अ‍ॅड्समध्ये चौकशीच्या प्रत्यक्ष तारखेनुसार मोजणारा स्वतंत्र कन्व्हर्जन रकानाही मिळतो. तो घ्या, कारण वहीत क्लिकची तारीख कोणी लिहीत नाही.

आता शीट की वेअरहाऊस. इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, कागदावर गुणाकार केला की उत्तर मिळते. नऊ ग्राहकांच्या मिळून रोज ९० कॅम्पेन चालतात असे धरा. रोज ९० ओळी म्हणजे वर्षाला ३२,८५० ओळी, आणि १२ रकाने धरले तर ३,९४,२०० चौकटी. गूगल शीटची मर्यादा एका फाइलला १ कोटी चौकटींची आहे. म्हणजे कॅम्पेनच्या पातळीवरचे आकडे ठेवायचे असतील, तर तुम्हाला आज वेअरहाऊसची गरज नाही, आणि हे सरांना याच गुणाकारासह सांगा. मात्र उद्या त्यांनीच म्हटले की प्रत्येक कॅम्पेनमधल्या ८ जाहिराती, त्यांचे ६ वयोगट आणि ३ प्रकारची उपकरणे असे वेगवेगळे हवे, तर रोजच्या ओळी १२,९६० होतात आणि १ कोटी चौकटी दोन महिन्यांच्या थोड्या पुढे संपतात. शीट त्याच्या कितीतरी आधी उघडायलाच कुरकुरू लागते. एक्सेलमध्ये गेलात तरी एका पानावर १०,४८,५७६ ओळींपलीकडे जाता येत नाही.

वेअरहाऊसची खरी वेळ येते ती ओळी फुगल्या म्हणजे, किंवा जाहिरातीचा खर्च ग्राहकाच्या प्रत्यक्ष विक्रीशी, बिलिंगच्या सॉफ्टवेअरशी आणि वेबसाइटवरच्या हालचालींशी जोडून सलग दोन-तीन हंगामांची तुलना करायची म्हणजे. तुमच्याकडच्या कूलरवाल्यांना ते पुढेमागे लागेल. साड्यांच्या दुकानाला लागेल असे मला वाटत नाही. वेळ आली तर गूगलचे बिगक्वेरी हे वेअरहाऊस पाहण्यासारखे आहे. त्यात दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंतच्या क्वेरींची (साठवलेल्या माहितीला विचारलेल्या प्रश्नांची) प्रक्रिया मोफत असते, जी तुमच्या आकाराच्या एजन्सीला बराच काळ पुरेल. गूगल अ‍ॅड्सचे आकडे त्यात रोज आपोआप टाकणारी सोयही गूगलचीच आहे. तिथेही मागचे किती दिवस पुन्हा आणायचे ही सेटिंग असते. ती सुरुवातीला ७ दिवसांवर असते आणि ३० पर्यंत वाढवता येते. ती वाढवायला विसरलात, तर ४१ आणि ५८ चा खेळ वेअरहाऊसमध्येही पुन्हा सुरू होईल, फक्त अधिक खर्चिक जागी. कार्ड न जोडता मिळणाऱ्या सँडबॉक्समध्ये (सरावाच्या जागेत) तक्ते ६० दिवसांनी आपोआप पुसले जातात आणि ही आपोआप आणण्याची सोयही तिथे चालत नाही, तेव्हा सँडबॉक्स शिकण्यापुरताच वापरावा. डेटासेट (तक्त्यांचा संच) बनवताना ठिकाण विचारले जाते, ते मागाहून बदलता येत नाही. मुंबई उपलब्ध आहे. वेबसाइटवर गूगल अ‍ॅनालिटिक्स असेल, तर त्याची बिगक्वेरीशी जोडणी मात्र आजच करून ठेवायला हरकत नाही, कारण त्या जोडणीतून जोडल्याच्या दिवसापासूनचेच आकडे येतात, मागचे येत नाहीत.

तूर्त शीटवरच काम उभे करायचे, तर प्रोग्रॅमिंग न येणे ही फारशी अडचण नाही. गूगल शीटसाठी गूगल अ‍ॅड्सचे स्वतःचे अ‍ॅड-ऑन आहे. त्यात मागचे ३० दिवस असा अहवाल बनवला, की तोच टॅब हवा तेव्हा ताजा करता येतो. त्यापुढची पायरी म्हणजे गूगल अ‍ॅड्सच्या खात्यातच चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ती रोज ठरल्या वेळी आपणहून चालते आणि शीटमध्ये लिहिते. अशी स्क्रिप्ट एखाद्या जाणकार विद्यार्थ्याकडून एकदा लिहून घेता येईल. वर सांगितलेली ३० दिवसांची अट आणि दोनदा चालवून पाहण्याची परीक्षा त्याला आधीच लिहून द्या. मेटाकडून आकडे आणायला त्यांच्या एपीआयला (प्रोग्रॅमना थेट आकडे देणाऱ्या सोयीला) जोडणारा प्रोग्रॅम किंवा सुपरमेट्रिक्स, फनेल यांसारखा तयार कनेक्टर लागतो. एअरबाइट हा खुल्या स्रोताचा पर्याय आहे, पण तो स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायला माणूस हवा, आणि तुमच्याकडे तो नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही गोष्टी तुम्हीच बजावून सांगा, कारण त्याला जाहिरातींचे आकडे कसे वागतात हे ठाऊक असेलच असे नाही. मेटाच्या कॅम्पेनचा क्रमांक बहुधा १७-१८ अंकी असतो आणि एक्सेल किंवा शीट संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. पुढचे अंक शून्य होतात आणि दोन वेगळ्या कॅम्पेन एकसारख्या दिसू लागतात. तो क्रमांक नेहमी मजकूर म्हणूनच साठवला पाहिजे. गूगलच्या एपीआयमधून खर्च मायक्रोमध्ये येतो, म्हणजे १ रुपयाचे १० लाख. १० लाखांनी भागायचे राहून गेले तर बिल्डरांच्या अहवालात अब्जावधी दिसतील, आणि ती चूक निदान लगेच कळते तरी. न कळणारी चूक असते ती हाताने डाउनलोड केलेल्या फाइलच्या तळाशी असलेल्या एकूण बेरजेच्या ओळीची. ती ओळही सोबत चिकटवली गेली, की खर्च थेट दुप्पट होतो आणि 'या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला' असे म्हणून सगळे पुढे जातात. तुमच्या जुन्या शीटमध्ये अशा ओळी आहेत का, हे नवे काम सुरू करण्याआधी चाळून पाहा.

दर आणि टक्केवारी साठवूच नका. एका जाहिरातीला १०० वेळा दिसून १० क्लिक मिळाल्या आणि दुसरीला १,००० वेळा दिसून १० मिळाल्या, तर १० टक्के आणि १ टक्का यांची सरासरी साडेपाच येते, पण खरा दर १.८ टक्के आहे. क्लिक आणि इम्प्रेशन्स (जाहिरात किती वेळा दिसली) साठवा आणि भागाकार शेवटी करा. मेटाच्या रीचची (जाहिरात किती माणसांपर्यंत पोहोचली त्या संख्येची) तर बेरीजही करता येत नाही, कारण सोमवारी आणि मंगळवारी जाहिरात पाहणारी माणसे बऱ्याच अंशी तीच असतात. आठवड्याचा रीच हवा असेल तर तो आठवड्यासाठी वेगळा मागवावा लागतो.

प्रत्येक खात्याचे चलन आणि वेळक्षेत्रही सुरुवातीलाच एका टॅबवर लिहून ठेवा. कोणी तरी घाईत खाते उघडताना लॉस एंजेलिसचे घड्याळ तसेच राहू दिले असेल, तर त्या खात्याचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला, आणि तिकडच्या हिवाळ्यात दीडला संपतो, आणि सकाळी आणलेला कालचा दिवस मुळात अपुराच असतो.

आपोआप चालणाऱ्या कामाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे ते आवाज न करता बंद पडते. मेटाच्या वापरकर्त्याच्या नावाने काढलेले दीर्घ मुदतीचे टोकनही (आकडे आणण्याच्या परवानगीची डिजिटल किल्ली) साधारण ६० दिवसांनी संपते. त्यानंतर शीट दिसायला तशीच दिसते, आलेख तसेच असतात, फक्त आकडे मागच्या आठवड्याचे असतात, आणि क्लासवाल्यांच्या मीटिंगमध्ये ते तुम्हाला कळते. टोकन व्यवसायाच्या खात्यातील सिस्टम यूजरच्या (माणसाऐवजी यंत्रणेसाठी काढलेल्या वापरकर्त्याच्या) नावाने घ्यावे. त्याला मुदत नसण्याची सोय आहे. त्याशिवाय शीटच्या पहिल्याच चौकटीत प्रत्येक खात्याची शेवटची उपलब्ध तारीख दाखवा, आणि ती परवाच्या मागे गेली की तांबडी होऊन तुम्हाला मेल येईल अशी व्यवस्था करा. आकडा आलाच नाही आणि आकडा शून्य आहे, यांत फरक राहिला पाहिजे. रिकाम्या जागी शून्य भरणारी स्क्रिप्ट स्वीकारू नका.

स्क्रिप्ट कोणाच्या लॉगिनवर चालते, हेही पाहा. ती ज्याने मंजूर केली त्याचे खाते बंद झाले, की स्क्रिप्टही थांबते. आपल्याकडची चांगली मुले दीड-दोन वर्षांत पुण्याची वाट धरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. एजन्सीच्या नावाचा एक स्वतंत्र मेल आयडी काढून सगळ्या परवानग्या त्याच्यावर घ्या आणि त्याचा पासवर्ड सरांकडेही असू द्या.

तुमचे दोन तास पूर्ण वाचणार नाहीत, त्यातला थोडा वेळ ताळा करण्यात गेलाच पाहिजे, आणि हे काम यंत्राला किंवा त्या विद्यार्थ्याला न देता तुम्ही स्वतःकडे ठेवा. दरमहा प्रत्येक खात्याचे गूगल आणि मेटाचे बिल काढायचे आणि शीटमधल्या महिन्याच्या खर्चाशी लावून पाहायचे. शीटमधला खर्च जीएसटीपूर्वीचा असतो आणि बिलात १८ टक्के वेगळे लागतात. तेवढे बाजूला केल्यावर किरकोळ फरक उरला तर तो अवैध क्लिकच्या वजावटीचा असू शकतो, पण मोठा फरक उरला तर एखादे खाते, एखादी कॅम्पेन किंवा एखादा दिवस गळलेला आहे असे समजून शोध सुरू करायचा. ग्राहकाला मासिक अहवालही हा ताळा झाल्यावरच पाठवा, आणि त्यावर 'आकडे अमुक तारखेला घेतलेले' अशी एक ओळ छापा. चौकश्यांचा आकडा मागच्या महिन्याचा असला तरी तो पुढच्या अहवालात थोडा वाढलेला दिसेल, हेही त्याच ओळीत सांगून टाकावे, म्हणजे फोन येणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी आग्रही राहीन. फॉर्म भरणाऱ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक या शीटमध्ये आणू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली ती वैयक्तिक माहिती आहे, आणि लिंक असलेल्या कोणालाही उघडता येणाऱ्या शीटमध्ये ती ठेवणे ग्राहकालाही अडचणीत आणू शकते. इथे फक्त संख्या. नावे ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रणेत.

राहिले कोटेशन. ते आज स्वीकारू नका, पण फाडूनही टाकू नका. त्या कंपनीला विचारा की मागचे किती दिवस ते रोज पुन्हा आणतात, आणि ही मुदत खात्यागणिक बदलता येते का. दर खात्यांच्या संख्येवर आहे की हलवलेल्या ओळींवर, कारण दुसऱ्या प्रकारात ३० दिवस रोज पुन्हा आणण्याचा खर्च कसा मोजला जातो ते लेखी हवे. करार संपल्यावर सगळ्या मूळ ओळी तुम्हाला साध्या फाइलमध्ये मिळतील का. आणि वेअरहाऊस कोणाच्या खात्यात उघडले जाईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आमच्या' असे आले, तर बोलणे तिथेच थांबवा. बाकी उत्तरे समाधानकारक असली, तर वर्षाऐवजी एका महिन्याचे पैसे देण्याची तयारी दाखवा, नऊ ग्राहकांऐवजी फक्त कूलरवाल्यांचे खाते द्या, आणि महिना संपल्यावर बिलाशी ताळा लागला तरच पुढचे आठ ग्राहक त्यांच्याकडे द्या.